कोरी कॅसेट

आमच्या गढा मोहल्ल्यात एक वॉकमन दुरुस्त करणारा बसायचा. त्याचं नाव मी विचारलं नाही. स्पिरिटचा बोळा फिरवताना तो मान वर करत नसे.

आई वारली त्या महिन्यात मी पोराचा वॉकमन त्याच्याकडे नेला. आईनं त्यात भुलाबाईची सगळी गाणी म्हटली होती, पण आवाज येत नव्हता. त्यानं हेडफोन लावून कॅसेटच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच थांबवलं. मग विचारलं, "अम्मा, रिकॉर्ड कैसे किया?"

मी सांगितलं, कोरी कॅसेट टाकली, बटन दाबलं आणि हेडफोन आईच्या तोंडापुढे धरला.

तेव्हा त्यानं मान वर केली. "अम्मा, ये सिर्फ बजाता है. इसमें रिकॉर्डिंग होती ही नहीं."

"झूठ मत बोल. तूने ही मिटा दिया होगा," मी सगळ्यांसमोर ओरडले.  त्यानं कॅसेट कागदात गुंडाळून दिली.

माफी मागायला मी गेले नाही. त्या माणसानं कोरी कॅसेट लक्ष देऊन ऐकली. आई माझ्यासमोर दोन दुपारी गात होती, आणि मी दाबलेलं बटन सुटेल म्हणून बटनाकडेच बघत बसले. आता त्यातलं एक गाणंही मला पुरं येत नाही.