हरलेल्या उमेदवाराचं रेशमी बॅनर

नोव्हायच्या घरून निघालो तेव्हाच आभाळ काळवंडलं होतं. मी नागपूरहून मिशिगनला आले होते ते मुलीच्या, प्राजूच्या बाळंतपणासाठी. तिला नववा लागलेला, म्हणून ती घरीच राहिली. जावई म्हणाले, "आई, तुम्ही आल्यापासून घरातच आहात. चला, सायडर मिल दाखवतो." म्हणजे सफरचंदाचा रस काढतात ती जागा. तिथे गरम डोनट (तळलेलं गोड कडं) मिळतं म्हणे.

पोचलो तर फाटकाला साखळी. सीझन संपलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खराट्यासारखी झाडं आणि नुसता चिखल.

"काय बाप्पा निखिलराव, आधी फोन तरी करायचा!"

ते नुसते हसले. हल्ली ते नुसतेच हसत.

परतताना एका छोट्या गावात संग्रहालयाची पाटी दिसली: जुन्या निवडणुकांचे चित्रांचे बॅनर. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई अशी पाटी सोडते होय? "थांबवा, थांबवा!"

"तिथे काही विशेष नाही, आई. पाऊस पण वाढतोय."

"तुम्ही पाहिलंय का?"

"नाही."

"मग झालं तर."

आत जवळजवळ अंधारच होता. उजेडाने रेशीम विरतं म्हणून दिवे मंद ठेवलेले. पूर्वी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत गावोगावी असे बॅनर रंगवून मिरवणुकीत नाचवायचे. एकावर लॉग केबिन (ओंडक्यांची झोपडी) आणि दाराशी सायडरचं पिंप.

"हा उमेदवार खरं तर खात्यापित्या घरातला," निखिलराव म्हणाले. "पण साधा माणूस वाटावा म्हणून झोपडी काढली."

"म्हणजे आपल्याकडच्यासारखंच की!"

मग ते बोलतच सुटले. छापील बॅनरवर गरुड, झेंडे, पडदे सगळं तेच ठेवायचे आणि दर निवडणुकीला मधले चेहरे तेवढे बदलायचे, हेही त्यांनीच दाखवलं. इतक्या दिवसांनी गडी खुलला म्हणून मला फार बरं वाटलं. शेवटी ते एका मोठ्या रेशमी बॅनरपाशी थांबले. रंगाला भेगा पडलेल्या, पण उमेदवाराचा चेहरा तुकतुकीत.

"हा हरला, आई. पण बघा ना, इथे किती खुशीत आहे. त्याला अजून माहीतच नाही."

तेवढ्यात दाराशी टेबलामागे बसलेली म्हातारी उठून आली. "आज एकटा नाहीस तर!" ती त्यांना इंग्रजीत म्हणाली आणि कौतुकाने माझ्याकडे वळली. "रोज येतो तुमचा मुलगा. सगळी दुपार या बाकावर बसतो. जेवायला तेवढा बाहेर गाडीत जातो."

रोज सकाळी ऑफिसचा डबा मीच भरून देत होते ना!

गाडीत बसलो तरी त्यांनी ती सुरू केली नाही.

"जॉब गेला, आई. तुम्ही यायच्या आधीच."

"आणि प्राजू?"

"तिला नाही सांगितलं. तिचं बीपी वर जातंय, डॉक्टर म्हणालेत टेन्शन नको. डिलिव्हरी होऊ दे, मग सांगतो." मग म्हणाले, "दुसरा जॉब नाही मिळाला तर व्हिसा जाईल. सगळं आवरून परत यावं लागेल. आणि ती बाळाच्या खोलीला पडदे शोधतेय."

असा संताप आला मला! माझ्या पोरीला अंधारात ठेवतात म्हणजे काय? आत्ताच्या आत्ता तिला सांगा, असं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी कपाळ स्टीअरिंगवर टेकलं. पण घर येईपर्यंत, आता मीच सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

दार प्राजूनेच उघडलं. एक हात कमरेवर, पाय सुजलेले, तोंडभर हसू. "मग? काय काय बघितलं?"

निखिलराव बूट काढायला वाकले ते वाकलेलेच राहिले.

"जुने बॅनर," मी म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही बाई. मलाच सगळं समजावून सांगावं लागलं."

ती खळखळून हसली. पोरीशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. ते इतकं सहज जमलं, की माझी मलाच भीती वाटली.