नकाशावरचा लाडवांचा डबा

जेवणाच्या टेबलावर इटलीचा नकाशा पसरलाय. तो सारखा गुंडाळला जातो, म्हणून आत्यानं कोपऱ्यावर बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवलाय. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. महायुद्धात माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, जिथं लढले आणि गेले, ती टेकडी आम्ही बघणार आहोत!

तिथल्या गाइडनं पाठवलेला कार्यक्रम मी मोठ्यानं वाचते. सकाळी नदी, दुपारी टेकडी, मग स्मारक, तिथं दगडावर आजोबांचं नाव आहे. वाचता वाचता माझाच आवाज चढतो. नकाशावर लढाई म्हणजे नुसते लाल बाण. त्यातला एक पार साताऱ्यापर्यंत आला आणि आमच्या दारात थांबला, हे त्या कागदाला काय ठाऊक! आत्या तेव्हा पोटात होती. तिनं वडिलांना कधी पाहिलंच नाही.

“लाडू कुणाला गं एवढे?”

“बापाकडे काय रिकाम्या हातानं जाऊ?”

मी हसून पुढं वाचलं, “स्मारकापाशी अर्धा तास.”

आत्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“त्या गाइडला कळव, जन्मात पहिल्यांदा माहेरी येतेय. अर्ध्या तासात निघायची नाही.”