तिसरी टक

भुताखेतांचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. तरी हे लिहिते आहे, कारण त्या दिवशी ऐकणारी मी एकटी नव्हते.

वसई पूर्वेला आमचा लेथ मशीनचा गाळा आहे. तो माझ्या सासऱ्यांनी उभा केला, त्यांना आम्ही पप्पा म्हणायचो. नवऱ्याला या कामात रस नव्हता, मला होता... मग पप्पांनी मलाच शिकवलं. असा हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

त्यांची एक पद्धत होती. लांब जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी दांडा, असला की त्याच्या दोन्ही टोकांच्या बारीक भोकांत मशीनची टोकदार सेंटर बसवायची आणि मधल्या मध्ये तो धरायचा. तसा चढवून झाला की पप्पा छोट्या पान्याने त्यावर दोनदा ठोकायचे. टक, टक. मग कान देऊन थांबायचे. आवाज बद्द आला तर सगळं ढिलं करून पुन्हा बसवायचे. मनासारखं बसलं की तिसरी टक — म्हणजे पास, करा चालू.

मी चढवलेल्या जॉबला मात्र त्यांनी तिसरी टक कधीच दिली नाही. दोन ठोकायचे, "सरक" म्हणायचे आणि स्वतः बसवायचे. मला राग यायचा, आणि त्यांचे हात बघत राहावंसंही वाटायचं. मग पप्पा गेले.

गेल्या पावसाळ्यात मासेमारीची बंदी उठली, तेव्हा पाचूबंदरची सिसिलिया मावशी टेम्पोत बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट घालून आली. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर टाकला होता, तो मला मापात उतरवायचा होता.

"सगल्यांच्या बोटी गेल्या गो. माजी एकलीच किनाऱ्याला हाय."

नवा शाफ्ट लवकर मिळणार नव्हता. हा वाकडा कापला गेला असता तर थेट भंगारात, आणि हंगामाची सुरुवातच तिच्या हातची गेली असती. मी घाईघाईने चढवला. बटणाकडे हात नेला आणि लाईट गेली.

शुक्रवार होता, आमच्या पट्ट्यातला सुट्टीचा वार. आजूबाजूचे गाळे बंद. भर दुपारी एवढी शांतता, की मावशीच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

टक. टक.

आवाज शाफ्टमधून आला. पाना भिंतीवर टांगलेला होता.

"कोन ठोकते?" मावशीने विचारलं.

मी तिसऱ्या आवाजाची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही.

मग मी सेंटर ढिलं केलं. उजवं भोक मी पुसून घेतलं होतं, डावं घाईत राहून गेलं होतं. त्यात ग्रीसखाली समुद्राची वाळू आणि मीठ घट्ट बसलेलं. शाफ्ट चढला होता, पण नीट बसला नव्हता. तसाच चालू केला असता तर वाकडाच कापला गेला असता. भोक खरवडून साफ केलं, नवं ग्रीस भरलं, पुन्हा चढवला आणि हाताने एक फेरा फिरवून पाहिला.

टक.

एकच. स्वच्छ.

मी तिथेच रडायला लागले. मावशी उठून जवळ आली. "आता काय झाला? नीट नाय बसला?"

"बसला," मी म्हटलं.

थोड्या वेळाने लाईट आली. शाफ्ट अगदी मापात उतरला आणि दोन दिवसांनी मावशीची बोट समुद्रात गेली.

नवरा म्हणतो, तापलेलं लोखंड निवताना वाजतं. पण तो शाफ्ट थंडगार होता. पत्र्यावर कावळा असेल, असंही कुणी म्हणालं. असेलही... पण मग तो नेमका दोनदाच वाजवून का थांबला, हे मला आजही सांगता येत नाही. मला एवढंच कळतं, की मी चढवलेला एक जॉब पप्पांनी पास केला.