सुंदराची फडकी

माझी आत्येबहीण सुंदरा हिच्यावर अन्याय झाला — पंच्याण्णव साली, आडी या तमिळ महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा ते बाराच्या मध्ये, तंजावरकडच्या ओरत्तनाडूजवळच्या एका आरोग्यकेंद्रात. बाळंत झाली आणि रक्त जाऊन मेली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी बाळंतपणातल्या काळजीची पत्रकं वाटते. पत्रकांत भुतं नसतात.

अन्याय केला कुणी? आधी आम्हीच. आमच्याकडे विटाळाचे कपडे कुणाच्या नजरेला पडू देत नाहीत. आत्या भिजलेलं प्रत्येक फडकं लगेच मागच्या दगडावर नेऊन धूत होती. नर्सनं विचारलं, रक्त फार जातंय का? आत्या म्हणाली, "नेहमीचंच, अम्मा." नर्सनंही चादर उचलून पाहिलं नाही. रक्त थांबवायचं इंजेक्शन शेजारच्या खोलीत, फ्रिजमध्ये होतं...

पुढच्या वर्षी शेजारच्या चेल्लम्माची लेक तिथेच बाळंत झाली. फडकी आत्यानंच दिली होती, सुंदराची जुनी सुती लुगडी फाडून. मी चेल्लम्माला सांगितलं, धुऊ नका, आधी नर्सला दाखवा. ती म्हणाली, "स्वतःचं लग्न नाही, आणि मला बाळंतपण शिकवतेस?" बादली उचलून मागे गेली. वर्षभर हेच ऐकून मी थकले होते.

थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. "रंग सुटत नाही गं."

तीन बादल्या ओतून झाल्या होत्या. दगडावरून वाहणारं पाणी नितळ, आणि फडकी तशीच लालभडक. ताजं रक्त, थंड पाणी — सुटायलाच हवं ना? घाबरून तिनं सगळा ढीग नर्ससमोर नेऊन टाकला. नर्सनं ढीग पाहिला, चादर उचलली आणि फ्रिजकडे धावली. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिली. लेक वाचली.

संध्याकाळी तीच फडकी मी धुतली. पहिल्याच पाण्यात स्वच्छ निघाली.

कुणी म्हणतं, पाण्यात क्षार असतील. पण संध्याकाळचं पाणीही त्याच विहिरीचं होतं. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि शोधायचं त्राणही नाही. सुंदरा आली होती असं म्हणायला मी तयार नाही. मेल्यावरही तिनंच राबायचं का?

तुमच्या घरात कुणाचे दिवस भरत आले असतील तर आजच केंद्रात जा. विचारा — बाळ बाहेर आल्याबरोबर आईला द्यायचं इंजेक्शन आहे का, आणि ते कोण देणार. आणि नर्सनं पाहिल्याशिवाय एकही फडकं धुऊ नका.