पाटीलबाईनं न लिहिलेलं नाव

राजेश्वरी आमच्या गावची पोलीस पाटील. परीक्षा देऊन झालेली, नवऱ्याच्या नावावर न्हाय. गावात भांडण होऊ दे, चोरी होऊ दे, न्हायतर पोरगं दारू पिऊन पडू दे, ठाण्याला कळवायचं हे तिचं काम. म्या दुसरीतनं शाळा सोडली, पण तिचं अक्षर असं की मलाबी वाचता येतं. मला ती अव्वा म्हणती. दुपारी पान खायला येती आणि माझ्या पानात सुपारी जास्त झाली तर तेबी बोलून दाखवती. सरळपणाचा आजारच हाय तिला.

त्या आजारानंच मागं एकदा घोळ केला. दोन पोरांनी पिऊन पडलेल्या दोस्ताला दवाखान्यात नेलं. हिनं जसं घडलं तसं लिहिलं. कोण पडला, कुणी आणला, कोण कोण पिलेलं. पोरं सतरा-अठराची, आणि कायद्यात दारूला पंचवीस पुरी लागतात म्हणं. पडलेला बरा होऊन घरी आला, आणणारे दोघं महिनाभर ठाण्याच्या चकरा मारत बसले. आमच्याकडं पोरगं मिसरूड फुटायच्या आधीच भरतीसाठी पळाया लागतंय, पोलिसात न्हायतर मिलिट्रीत. कागदावर नाव आलं की भरती गेली, हे गावातल्या पोरांनी पक्कं पाठ केलं. पाढे कुणाचे एवढे पाठ झाले नव्हते.

मग येळवस आली. त्या अवसेला सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोपी करायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली ताका-पिठाची आंबील. आंबील पोटभर झाली की चांगला गडीबी आडवा होतो. म्हणून आमच्या कोपीत नातवाचा दोस्त कृष्णराज घोंगडं घेऊन पडलेला दिसला, तरी मला काय वाटलं न्हाय.

"ह्याला काय झालं रे?"

"आंबील चढली, आज्जी," माझा नातू योगीराज म्हणाला.

सगळे हसले. म्याबी हसले, आणि वरनं आणखी एक गोधडी टाकली. शहाणपण बघा माझं.

तासाभरानं राजेश्वरी जेवायला आली. पांडवांच्या पाया पडायला कोपीत वाकली ती तशीच थांबली. पोराच्या नाकाजवळ हात धरला.

"अव्वा, हे घोरणं न्हाय. ओठ बघा ह्याचे, निळे पडल्यात."

तिनं त्याला कुशीवर वळवलं आणि बाहेर येऊन योगीराजपुढं उभी राहिली. "काय पिला?"

"आंबील."

"किती?"

पोरगं अंगठ्यानं ढेकूळ फोडत बसलं. रोज पहाटे सास्तूरच्या रस्त्यानं पळणारं पोरगं ते. त्याला पुढ्यात राजेश्वरी काकू दिसत नव्हती, कागद दिसत होता. आत दोस्ताचा श्वास अडकत होता आणि हा पुढचं ढेकूळ फोडत होता. म्या चप्पल उचलली.

"ठेवा ती, अव्वा," राजेश्वरी म्हणाली. "ह्यांची तोंडं म्याच शिवल्यात." मग त्याला म्हणाली, "योगी, पांडवांपुढं सांगते. दवाखान्यात आणणाऱ्याचं नाव माझ्या कागदात येणार न्हाय. आता बोल."

"दोन क्वाटर," पोरगं रडायलाच लागलं. "पैज लावली, काकू. पाणी न घालता, उपाशीपोटी. म्याबी पिलो, पण दोनच घोट."

ट्रॅक्टर गेलेला घरची माणसं आणायला. मग तिनं आपली स्कुटी काढली. मधी कृष्णराज, मागं त्याला कवळून योगीराज, आणि हँडलवर पोलीस पाटील. ट्रिपल सीट. कायदा त्या दिवशी आमच्या बांधावर आंबील पीत बसला होता.

डॉक्टरांनी आधी विचारलं, काय पिला, किती पिला. योगीराजनं सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी कृष्णराज घरी आला. अजून माझ्याकडं मान वर करून बघत न्हाय.

ठाण्याचा जमादार तिच्या दारात आला तवा म्या तिथंच होते.

"आणला कुणी, पाटीलबाई?"

"म्या."

"संगं कोण पिलेलं?"

"ते नाव मिळणार न्हाय. पोरांना बाटली विकणाऱ्याचं देते, लिवा."

"आता आमाला कायदा शिकवता व्हय?"

"अपघातातलं माणूस आणलं तर आणणाऱ्याला तुमी त्रास देत न्हाय. तसा कायदा हाय. पिऊन पडलेलं माणूस न्हाय का?"

"ह्याला तसा कायदा न्हाय, बाई."

"न्हाय, ते मलाबी ठावं हाय. म्हणून तर शब्द द्यावा लागला."

आठ दिवसांनी नोटीस आली. माहिती का लपवली, खुलासा करा, न्हायतर पद जाईल. खुलासा तिनं माझ्या ओसरीवर बसून लिहिला, दोन ओळींत: 'मागे मी खरे नाव लिहिले. त्या भीतीने या वेळी पोरे दोस्ताला झाकून बसली.' म्या म्हणलं, थोडं गोड लिव की. तर म्हणली, "अव्वा, गोड तुमी सुपारीत घाला."

ताकीद मिळाली, पद राहिलं. गावात दोन तट पडले. पोरांना मोकळं रान दिलं म्हणणारे अजून म्हणतातच.

गेल्या महिन्यात लग्नाच्या मांडवातनं दोन पोरं भर दुपारी माझ्या ओसरीवर पळत आली. राजेश्वरी पान लावत होती.

"काकू, सिदू उठंना. आमीच पाजली."

"किती?"

"दीड क्वाटर. सकाळपासनं जेवला न्हाय," पोरगं धापा टाकत एका दमात बोललं.

तिनं पान तसंच टाकलं आणि स्कुटीची किल्ली घेतली. नाव विचारलं न्हाय. विचारायची गरजबी नव्हती. महिनाभर ठाण्याच्या चकरा मारलेल्या दोघांतलंच हे बोलणारं पोरगं होतं.