अंगात आलेलं

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला अख्खं पोलादपूर देवमाणूस म्हणायचं. मला तेव्हाही त्याचा संताप यायचा, आजही येतो. लाकडाच्या वखारीवर कामाला होता. रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं की वाकून पाया पडायचा, पोरांना गोळ्या वाटायचा. घराचं दार लागलं की बहिणीची वेणी धरून तिला भिंतीवर आपटायचा, आणि थोड्या वेळाने तिच्याच पायांशी बसून हमसून हमसून रडायचा. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रडतो ना? मग मन साफ हाय त्याचं."

त्या साली बहीण माहेरी आली ती परत जायचंच नाही असं ठरवून. वडील हो म्हणेनात, नाही म्हणेनात. तेवढ्यात महाडला नदीकाठी सिनेमाचा तंबू लागला आणि ते आम्हा दोघींना घेऊन गेले. सिनेमा मुका होता. पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस गोष्ट ओरडून सांगायचा.

त्यातला गृहस्थ चारचौघांत हात जोडून गोड हसे, घरी बायकोला छडीने झोडपी आणि मग तिच्याच पदरात तोंड खुपसून रडे. बहिणीने माझं मनगट आवळलं.

"बाबा, बघा. आमचं ह्ये अगदी अशेच हायत. मी खोटं नाय सांगत."

वडील पडद्यावरून नजर हलवत नव्हते. त्यांना पटलं होतं, तोंडावर दिसत होतं. मला वाटलं, सुटली बिचारी.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. असला माणूस लोकांना समजावायचा कसा, हे त्या ओरडणाऱ्या शहाण्याला सुचेना. त्याने दिलं ठोकून, "बघा मंडळी, ह्याच्या अंगात आलंय!" सगळ्या तंबूने हात जोडले. आमच्या वडिलांनीही.

परतीच्या वाटेवर ते बहिणीला अगदी मायेने म्हणाले, "आगो, आधी सांगायचंस ना. जावई वाईट नाय, त्यांना बाहेरचं हाय. उतरवून घेऊ."

भगत आला, कोंबडा कापला, नारळ फुटला. बहिणीची ओटी भरून तिला सासरी पोचवली.

त्या नवऱ्याचं मात्र चांगलंच फावलं. पूर्वी मारून झाल्यावर रडावं तरी लागायचं. आता "मी नाय, अंगातल्यानं मारलं" म्हणायचा आणि पाट ओढून जेवायला बसायचा. सासू बहिणीलाच म्हणायची, जा, त्याच्या कपाळाला अंगारा लाव. ती लावायची. शिकलेले लोक आता असल्या स्वभावाला आजाराचं नाव देतात म्हणे. देवोत बापडे.

पुढे एकदा ती माहेरी आली तेव्हा आम्ही दोघी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला गेलो. तिची पाठ बघून माझा तोल गेला.

"वखारीवर शेठसमोर येतं का गो कधी त्यांच्या अंगात?"

तिने पाठीवर तांब्या ओतला.

"नाय," ती म्हणाली. "तिथं मी नाय ना."