चंद्राक्काची वाकळ

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला अजूनही शहापुरातली चंद्राक्का आठवते, आणि मी उगीचच खिडकी उघडते.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, मशीन आणलं, त्याला हार घातला, नारळ फोडला आणि लाटसाहेबालाही संकोच वाटावा असं भाषण गल्लीसमोर केलं. "आता बायकांनी बोटं टोचून घ्यायला नगोत. वाकळसुद्धा हेच्यावर शिवायची!"

दुसऱ्याच दिवशी शेजारची विणकरीण चंद्राक्का जुनी लुगडी आणि वारलेल्या नवऱ्याची दोन धोतरं घेऊन आली. आईला म्हणाली, "वैनी, धोतरं मधल्या थरात घाला. त्येंची ऊब ऱ्हाईल."

एवढ्या थरांत सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. आप्पांचं हसं होऊ नये म्हणून आईने मधली धोतरं गुपचूप काढून घेतली. चाक मीच फिरवत होते. मग वाकळ सरसर शिवून झाली.

सकाळी चंद्राक्का हसतच आली. "लई दिसांनी झोप लागली बघा, वैनी. रातभर ते जवळच हुते."

 धोतरं हाताने आत शिवून टाकावीत म्हणून आई म्हणाली, "आक्का, एक शिवण कच्ची ऱ्हायलीया. वाकळ आण की, घालून देते."

"ऱ्हाऊ द्या. आता एक रातबी ती सोडायची न्हाय मी."

आईने पुन्हा मागितली नाही. धोतरं आमच्याच पेटीत राहिली. पेटी आवरताना आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघत नसू.